मराठवाड्यातून मुंबईत एका दिवसासाठी: सेंट थॉमस कॅथेड्रल आणि फोर्टचा पायी फेरफटका

मराठवाड्यातला माणूस मुंबईला बहुधा कामासाठीच जातो. मंत्रालयात अडकलेली फाइल, परळच्या रुग्णालयातली तपासणी, मुलाची मुलाखत किंवा विमानतळावर कोणाला तरी पोचवणे, असे काही ना काही निमित्त असते. आणि काम लवकर उरकले किंवा ज्यांच्याकडे काम होते ते साहेबच दौऱ्यावर निघाले, तर रात्रीच्या गाडीपर्यंतचा सगळा वेळ फलाटावर पिशवीला टेकून काढला जातो. जे मुद्दाम मुंबई पाहायला जातात त्यांचे दुसरेच टोक असते. सिद्धिविनायक, हाजी अली, राणीबाग, जुहू आणि गेटवे हे सारे एका दिवसात बसवायचे ठरवून ते निघतात आणि दिवसाचा निम्मा भाग लोकलच्या दांड्याला धरून उभे राहण्यात घालवतात. त्यापेक्षा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दोन-सव्वादोन किलोमीटरच्या टापूतच, म्हणजे फोर्ट भागात आणि त्याच्या आसपास, दिवसभर पायी हिंडावे आणि सेंट थॉमस कॅथेड्रल हे तीनशे वर्षांहून जुने चर्च त्या फेरफटक्याच्या मध्यावर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हिंडणे कमी होते आणि पाहणे जास्त होते.

गाडी, सामान आणि सकाळचा पहिला तास

नांदेड, परभणी, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या लोकांसाठी देवगिरी एक्स्प्रेस या बेताला अगदी सोयीची आहे. ती सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीला पोचते आणि परतीची गाडी रात्री साडेनवाच्या सुमारास तिथूनच सुटते, त्यामुळे मुक्कामाचा खर्च पडत नाही. लातूरकडून येणाऱ्यांची लातूर–मुंबई एक्स्प्रेससुद्धा सीएसएमटीलाच येते. वेळापत्रक अधूनमधून बदलत असल्यामुळे तिकीट काढतानाच दोन्ही बाजूंच्या वेळा पाहून घ्याव्यात. बीड आणि धाराशिवकडून ट्रॅव्हल्सने येऊन दादरला उतरणाऱ्यांनी मध्य रेल्वेची लोकल धरून शेवटच्या स्थानकापर्यंत यावे. सकाळी आठच्या आत निघाल्यास पाय ठेवायला तरी जागा मिळते.

उतरल्यावर पहिले काम म्हणजे सामानाची व्यवस्था. स्थानकातल्या क्लोक रूममध्ये प्रवासाचे तिकीट दाखवून बॅग ठेवता येते, पण कुलूप न लावलेली बॅग घेत नाहीत, म्हणून एक लहान कुलूप घरूनच न्यावे. नायलॉनची पिशवी किंवा दोरीने बांधलेले बोचके नेणाऱ्यांची इथे अडचण होते. तोंड धुणे आणि कपडे बदलणे प्रतीक्षालयात होते. थोडे पैसे मोजायची तयारी असेल तर सशुल्क प्रतीक्षालय बरेच स्वच्छ असते. अंगावर सुती कपडे आणि पायात सवयीच्या चपला किंवा बूट असावेत. आपल्याकडच्या बेचाळीस अंशांच्या कोरड्या उन्हात वावरलेला माणूस मुंबईच्या तेहतीस अंशांना हसतो, पण तिथल्या दमट हवेत घाम वाळतच नाही आणि अकरा वाजेपर्यंत अंगातले त्राण जाते. पाण्याची बाटली जवळ ठेवावी. जून ते सप्टेंबर या काळात छत्री नेली नाही तर हा सगळा बेत कागदावरच राहील.

स्थानकातून बाहेर पडल्याबरोबर चालू लागू नये. समोरचा रस्ता भुयारी मार्गाने ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला जावे आणि मागे वळून सीएसएमटीकडे शांतपणे पाहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुरचनाकाराने आखलेली ही इमारत १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांत उभी राहिली, आणि आपण जिच्या पायथ्याशी उभे आहोत ती महापालिकेची इमारतही त्याच्याच हातची, १८९३ मध्ये पूर्ण झालेली आहे. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला वाघ बसलेला आहे. भिंतींवर पाने, पक्षी, माकडे आणि माणसांचे मुखवटे कोरलेले आहेत. या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. आपल्याला याचे अगत्य अधिक वाटावे असे एक कारण आहे: त्याच कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतीचित्रांच्या नकला करत होते. मुंबईतल्या या दगडी पानाफुलांचा विचार करताना अजिंठ्याच्या छतावरची पानेफुले डोळ्यांसमोर आली, तर ते अगदीच गैर म्हणता येणार नाही.

चर्चकडे

दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे सरळ चालत राहावे. इमारतींखालून कमानींचा झाकलेला पदपथ जातो, त्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही टळतात. साडेनऊनंतर लोकलमधून उतरलेला नोकरदारांचा लोंढा याच दिशेने वाहत असतो. त्याच्या मध्ये थांबून नकाशा पाहू नये. थांबायचे असेल तर एखाद्या खांबाच्या आड व्हावे. पंधरा-वीस मिनिटांत फ्लोरा फाउंटन येते. तिथे तूर्त न रेंगाळता डावीकडे वीर नरिमन रस्त्याला वळावे, म्हणजे थोड्याच अंतरावर झाडांच्या मागे पांढरा मनोरा दिसू लागतो. चालणे होत नसलेल्यांसाठी भुयारी मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक जवळ आहे. ऑटोरिक्षा मात्र या भागात चालत नाहीत. टॅक्सी, बस किंवा आपले पाय एवढेच पर्याय आहेत, हे गावाकडच्या माणसाने आधीच ध्यानात ठेवलेले बरे.

सकाळी जाण्यामागे कारण आहे. चर्चचे वेदीचे टोक पूर्वेला आणि प्रवेश पश्चिमेला आहे, त्यामुळे वेदीमागच्या रंगीत काचांवर सकाळचा उजेड येतो. रविवारी सकाळी उपासना असते. त्या वेळी केवळ पाहण्यासाठी जाऊ नये, किंवा गेल्यास मागच्या बाकावर बसून उपासना संपेपर्यंत हलू नये. नाताळच्या दिवसांतही तेच.

आत जाण्याआधी पश्चिम दाराबाहेरचे कोरीव दगडी कारंजे पाहावे. सर कावसजी जहांगीर या पारशी दानशूर गृहस्थांच्या पैशातून ते उभे राहिले आणि त्याचा आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आहे. ही दोन्ही नावे लक्षात ठेवावीत, कारण दुपारी ती पुन्हा भेटणार आहेत.

चपला काढायच्या का, हा आपल्याकडच्या माणसाला पडणारा पहिला प्रश्न आहे. इथे काढण्याची रीत नाही. पुरुषांनी टोपी मात्र काढून हातात घ्यावी. जालना किंवा संभाजीनगरच्या छावणी भागातली जुनी चर्चे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना एकूण मांडणी ओळखीची वाटेल: मधला मोकळा मार्ग, दोन्ही बाजूंना बाके आणि समोर वेदी. वेदीभोवतीच्या कठड्याच्या पुढे जाऊ नये, तिथल्या वस्तूंना हात लावू नये आणि मोबाइल मुका करून ठेवावा. छायाचित्रे घ्यायची असल्यास तिथल्या सेवकाला विचारून घ्यावे. कोणी प्रार्थनेला गुडघे टेकून बसले असेल तर त्याच्या पुढून ये-जा करू नये, आणि मुलांना आत सोडण्याआधीच हे सांगून ठेवावे. प्रवेशासाठी पैसे मागत नाहीत. दानपेटीत यथाशक्ती काही टाकावे.

चर्चची हकिगत थोडक्यात अशी आहे. मुंबई बेट १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. गव्हर्नर जेरल्ड आँजियर याने १६७६ मध्ये चर्चचा पाया घातला, पण पुढच्याच वर्षी तो वारला आणि काम बंद पडले. सुमारे पंधरा फूट उंचीच्या भिंती तशाच उघड्यावर जवळजवळ चाळीस वर्षे उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब नावाचा पाद्री १७१४ मध्ये मुंबईत आला, त्याने वर्गणी गोळा करून काम पुन्हा हाती घेतले आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले. सरकारी बांधकाम रखडण्याची परंपरा किती जुनी आहे, याचा हा दाखला समजायला हरकत नाही. मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाल्यावर १८३७ मध्ये या चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला, लगोलग मनोरा आणि घड्याळ आले, आणि १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग वाढवण्यात आला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या जीर्णोद्धाराला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. जुन्या मुंबईला तटबंदी असताना या चर्चकडे जाणारा दरवाजा चर्चगेट म्हणून ओळखला जाई. तट १८६० च्या दशकात पाडला गेला, तरी नाव रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांवरचे मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजून बसवलेले होते.

एवढे लक्षात ठेवून बाके सोडावीत आणि भिंतींकडे वळावे, कारण या चर्चमध्ये खरे पाहण्यासारखे भिंतींवरच आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती संगमरवरी स्मृतिशिलांनी भरलेल्या आहेत. घाईत असलेला पर्यटक त्यांच्याकडे पाठ करून वेदीचे छायाचित्र घेतो आणि दहा मिनिटांत बाहेर पडतो. आपण निदान पाऊण तास ठेवावा आणि एका टोकापासून शिला वाचत जावे. इंग्रजी जुन्या वळणाचे आहे, तरी नाव, वय, हुद्दा आणि मृत्यूचे कारण एवढे कोणालाही लागते. कोणी लढाईत पडलेला आहे, कोणी समुद्रात बुडालेला, कोणी तापाने गेलेला; आणि वयांचे आकडे पाहत गेल्यास त्यांतले कितीतरी ऐन पंचविशी-तिशीतले असल्याचे दिसते. दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य, असे मुंबईतले सुरुवातीचे इंग्रज म्हणत असत. खाड्या, दलदल आणि डास यांनी भरलेल्या त्या बेटावर हिवतापावर खात्रीचा इलाज नव्हता. ही माणसे व्यापाराला आणि पुढे राज्य करायला आली होती, हे विसरायचे नाही. पण तिथे उभे राहून वाचताना त्यांच्याविषयीचा राग आणि कीव एकाच वेळी मनात येतात, आणि ते तसेच येऊ द्यावे.

एका स्मारकापाशी मात्र मुद्दाम थांबावे. जोनाथन डंकन हा १७९५ पासून १८११ मध्ये मरेपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. त्यापूर्वी काशीला असताना आणि नंतर काठियावाडच्या बाबतीत त्याने काही घराण्यांमधली मुलींना जन्मतःच मारून टाकण्याची चाल बंद पाडण्यासाठी खटपट केली होती. त्याच्या संगमरवरी स्मारकावर दोन लहान मुले कोरलेली आहेत आणि त्या बंदीचा उल्लेख दगडात केलेला आहे. शिल्पकाराने ही मुले हिंदुस्थानी दाखवली आहेत, तरी त्यांचे गुबगुबीत गाल आणि अंगाची घडण थेट इंग्लंडमधली आहे; स्मारक तिकडेच घडवले गेले, हे जवळून पाहिल्यावर सांगावे लागत नाही. आमच्या भागात मुलींच्या घटत्या प्रमाणावरून पंधरा-वीस वर्षांपूर्वी केवढा गदारोळ झाला होता, हे ज्यांना आठवते त्यांना या दोनशे वर्षांपूर्वीच्या दगडापुढे काही क्षण जास्त थांबावेसे वाटेल.

हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक

चर्चमधून बाहेर पडून पूर्वेकडे गेल्यास लगेच हॉर्निमन सर्कलची गोल बाग लागते. स्वातंत्र्य चळवळीची बाजू घेणारे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव तिला दिलेले आहे. बागेभोवतीच्या इमारती एकाच वळणाच्या कमानींनी जोडलेल्या आहेत. १८७० च्या सुमारास आखून बांधलेले हे वर्तुळ आहे. जवळच ‘मुंबई समाचार’ची लाल इमारत आहे. हे गुजराती वृत्तपत्र १८२२ पासून अखंड निघते आहे. शेजारच्या गल्लीत १७०९ मधली बनाजी लिमजी अग्यारी, म्हणजे पारशांचे अग्निमंदिर, आहे, पण तिथे पारशांखेरीज कोणालाही प्रवेश नाही, म्हणून बाहेरूनच पाहून पुढे जावे आणि दारातल्या माणसाशी हुज्जत घालू नये.

बागेच्या समोर उंच खांबांची पांढरी इमारत दिसते, ती टाउन हॉल म्हणजेच एशियाटिक सोसायटी या विद्वत्संस्थेचे आणि तिच्या ग्रंथालयाचे ठिकाण. १८३३ मध्ये पुरी झालेल्या या इमारतीसाठी सुरुवातीचा काही पैसा लॉटरी काढून उभा केला होता. समोरच्या तीस पायऱ्यांवर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांची कायम गर्दी असते. पायऱ्या चढून आत जाणारे थोडे, आणि आपण त्या थोड्यांत असावे. ग्रंथालयाच्या आत वावरण्यासाठी सभासदत्व लागते, तरी दारावर नम्रपणे विचारल्यास कुठपर्यंत जाता येईल ते सांगतात. आतल्या संगमरवरी पुतळ्यांमध्ये गव्हर्नरांच्या रांगेत जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा आहे, आणि तोच पाहायचा. रविवारी आणि सरकारी सुट्टीला इथे आत जाता येत नाही, म्हणून हा बेत कामाच्या दिवशी आखलेला चांगला.

जेवणाची वेळ सांभाळावी. एक ते दोन या तासात फोर्टमधल्या प्रत्येक खाणावळीत बँकांचा आणि कचेऱ्यांचा कर्मचारीवर्ग रांगा लावतो, त्यामुळे सव्वाबारालाच किंवा दोननंतर जेवावे. उडुपी हॉटेलातली थाळी पोटभर असते. मासे चालत असतील तर या भागात मालवणी आणि मंगळुरी खाणावळी उत्तम आहेत. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली असेल तर बागेत बसून खाण्यास संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही, फक्त कागद तिथे टाकू नये. ज्वारीची भाकरी मिळेल या आशेवर मात्र राहू नये. चहासाठी एखादे जुने इराणी हॉटेल गाठावे आणि ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवावा.

दुपार: हुतात्मा चौक ते ओव्हल

आता सकाळी मागे टाकलेल्या चौकात परतावे. फ्लोरा फाउंटन हे रोमन पुष्पदेवतेचे कारंजे १८६४ मधले आहे. त्याच्या शेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी आणि कामगार यांचे हुतात्मा स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात गोळीबार झाला. मराठवाड्याने आधी निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटका करून घेतली, मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपले तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. ज्या राज्याचे आपण रहिवासी आहोत त्यासाठी इथे रक्त सांडले आहे, तेव्हा चौक ओलांडण्याच्या गडबडीत नुसते हात जोडून निघून जाऊ नये; नावे वाचावीत.

तिथून पाच मिनिटांवर विद्यापीठ आणि उच्च न्यायालय आहे. आपल्या जिल्ह्यांसाठी १९८१ पासून संभाजीनगरला खंडपीठ असल्याने आपल्या पक्षकारांना या काळ्या दगडाच्या इमारतीची पायरी सहसा चढावी लागत नाही, आणि पर्यटकानेही ती बाहेरूनच पाहावी. शेजारी राजाबाई टॉवर आहे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून तो १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या आईचे नाव मिळाले. त्याचा आणि पायथ्याच्या दीक्षान्त सभागृहाचा आराखडा गिल्बर्ट स्कॉट यांचा. सभागृहाला नाव कावसजी जहांगीर यांचे. स्कॉट यांनी हिंदुस्थानात पाऊल न ठेवताच हे सगळे लंडनमध्ये कागदावर आखले. मनोऱ्यावर चढता येत नाही आणि विद्यापीठाच्या आवारातला प्रवेशही दारावरच्या पहारेकऱ्याच्या मर्जीवर असतो, म्हणून रस्ता ओलांडून ओव्हल मैदानात जावे. चार-साडेचारला ऊन पश्चिमेकडून येते तेव्हा मनोऱ्याचा पिवळसर दगड समोरून उजळतो. मैदानाच्या एका बाजूला ह्या गॉथिक इमारती आणि पाठीमागे १९३० च्या दशकातल्या गुळगुळीत गोलाईच्या निवासी इमारती, अशा जोडीला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालेला आहे.

इथून पुढे दोन वाटा आहेत आणि त्यांतली एकच निवडावी. ज्यांचे पाय अजून चालतात त्यांनी काळा घोडा या भागातून, निळ्या रंगाचे १८८४ मधले यहुदी प्रार्थनास्थळ वाटेत बाहेरून पाहून, गेटवे ऑफ इंडियाला जावे. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ मध्ये आले त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली आणि ती १९२४ मध्ये खुली झाली; त्याच मुक्कामात ते दोघे सकाळी आपण पाहिलेल्या चर्चमध्ये उपासनेला गेले होते. पावसात किंवा थकल्यावर त्याऐवजी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरावे, पण तिथे निदान दोन तास लागतात, म्हणून तसे करायचे असल्यास ओव्हल आटोपते घेऊन लवकर पोचावे. घारापुरीची बोट या दिवसात घुसडू नये. वेरूळ ज्याच्या दारात आहे त्याने त्यासाठी धावपळ करण्यात हशील नाही.

परतताना गेटवेपासून टॅक्सी किंवा बस करावी आणि साडेसातच्या आत स्थानकावर यावे, कारण संध्याकाळी क्लोक रूमपुढे रांग असते. रात्रीचे जेवण सामान घेतल्यानंतर करावे. सीएसएमटीचे पहिले सात फलाट लोकलचे आहेत आणि लांब पल्ल्याच्या गाड्या आठव्यापासून पुढे लागतात. गाडी शेवटच्या अंकांच्या फलाटावर लागणार असेल आणि बरोबर वयस्कर माणसे असतील, तर टॅक्सीवाल्याला मुख्य दारी न नेता पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूने सोडायला सांगावे. तिकडून फलाट क्रमांक अठरा अगदी समोर येतो आणि सामान घेऊन सगळे स्थानक आडवे तुडवावे लागत नाही.